निवड समितीवरच्या सुहासिनीबाई

सुहासिनी दामल्यांना साठी उलटल्यावर नवा चष्मा लागला. तो करून घ्यायला त्या मंडईमागच्या गल्लीत हमीदभाईंच्या दुकानात गेल्या, आणि अजून परतल्याच नाहीत, असं त्यांचे यजमान माधवराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. माधवराव चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना क्रिकेटमधलं एवढंच कळतं की कसोटी सामन्याच्या पहिल्या दिवशी "कोण जिंकलं?" असं विचारलं की बायको अर्धा तास बोलत नाही. शांतता हवी असली की ते मुद्दाम विचारतात.

हमीदभाईंच्या दुकानात नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता आहे आणि त्याच्या शेजारी टीव्ही. सामना चालू असला की तक्त्याला कोणी विचारत नाही. हमीदभाई गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतात, एक डोळा झाकायला लावतात आणि टीव्हीच्या कोपऱ्यातला धावफलक वाचायला सांगतात. कोणी बरोबर वाचला की म्हणतात, "नजर ठीक आहे, टीमची तब्येत खराब आहे." सुहासिनीबाईंनीही त्या पहिल्या दिवशी धावफलक वाचला, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. "चार गेले? जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं राहिलीत आणि आडवी बॅट कशाला घालायची मेल्यानं?" असं त्या एका दमात बोलून गेल्या. हमीदभाईंनी हातातली काच खाली ठेवली आणि आतून चहा मागवला.

हे वेड बाईंना काही चष्म्याबरोबर लागलं नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी पोस्टात काउंटरवर काढली. टेबलाच्या खणात ट्रान्झिस्टर असायचा आणि खण बोटभर उघडा. रांगेतल्या लोकांना बाईंच्या शिक्क्याच्या आवाजावरून सामन्याचा अंदाज यायचा. शिक्का हलकेच टेकला तर आपली फलंदाजी ठीक चालली आहे, आणि पाकीट फाटेल असा आदळला तर कोणीतरी शून्यावर गेला. साहेबांनी एकदा टोकलं तेव्हा बाई म्हणाल्या, "काम थांबलंय का? मग रांगेत या." साहेब परत केबिनमध्ये गेले.

हमीदभाईंच्या दुकानात हातांच्या तीन लाकडी खुर्च्या होत्या आणि त्या तिन्हींवर मिळून निवड समिती बसायची. एकीवर स्वतः हमीदभाई. दुसरीवर रणजितराव काकडे, दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कोर्टांत हयात घालवलेले वकील, ज्यांचा जन्म समोरच्याचं म्हणणं खोडून काढण्यासाठीच झाला होता. तिसरीवर नाडकर्णी. मालिकेआधी खरा संघ जाहीर व्हायच्या आत ही समिती आपला संघ निवडायची आणि दुकानाच्या काचेवर चिकटवायची. खाली रणजितरावांच्या अक्षरात लिहिलेलं असायचं, 'संघ अंतिम आहे. सूचना करू नयेत. चष्म्याचं काम असल्यास आत यावे.' दुकानात खेळाडूंची नावं घ्यायची बंदी होती, नावानं दृष्ट लागते म्हणून. सलामीचा तो थोरला, यष्टिरक्षक तो बडबड्या, आणि तिसऱ्या क्रमांकावर येणारा तो नुसता तिसरा.

सुहासिनीबाई बसायच्या समोरच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर. बोलायला त्यांना मनाई नव्हती, आणि असती तरी त्यांनी ती पाळली नसती. पण मत नव्हतं. अकरावा गडी ठरला की रणजितराव विचारायचे, "बाकावरून काही?" बाई काहीतरी मोलाचं सांगायच्या आणि रणजितराव म्हणायचे, "नोंद घेतली," म्हणजे घेतली नाही. बाईंना ते फार लागायचं. घरी येऊन त्या भांडी आपटायच्या.

मग गेल्या दिवाळीनंतर नाडकर्णी मुलाकडे बंगळूरला राहायला गेले आणि तिसरी खुर्ची रिकामी झाली.

"जाहिरात द्यायची का?" रणजितरावांनी विचारलं.

"मी काय इथं बाक पुसायला येते?" सुहासिनीबाई म्हणाल्या. "मी बसणार त्या खुर्चीवर."

हमीदभाईंना आनंदच झाला. पण दुकानाचा रिवाज त्यांनाही मोडता येत नव्हता. ते म्हणाले, "ताई, परीक्षा द्यावी लागेल. आम्ही तिघांनीपण दिलीय. ज्याचा जो लाडका असेल, त्याला टीमबाहेर काढायचं, आणि का काढलं ते इथं उभं राहून सांगायचं. मनापासून. आम्हाला खोटं वाटलं तर नापास. आणि काढलेल्यानं पहिल्याच मॅचच्या पहिल्या इनिंगमध्ये सेंच्युरी मारली, तर खुर्ची परत खाली करायची."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्यांचा लाडका कोण हे मंडईतल्या भाजीवाल्यांनाही माहीत होतं. तो तिसरा. तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा मैदानात आला, तेव्हा पहिला चेंडू खेळायच्या आधी वाकून खेळपट्टीवरची बारीकसारीक खडी वेचत बसला, माधवराव ताटात तांदूळ घेऊन निवडतात तसा. ते बघून बाईंचा जीव त्याच्यावर जडला तो जडलाच. पण गेलं वर्षभर त्याच्या बॅटला जणू गंज चढला होता. रणजितराव दर बैठकीत त्याला घरी बसवायला निघायचे, हमीदभाई सांभाळून घ्यायचे, आणि बाकावरून बाई त्याच्यासाठी घसा कोरडा करायच्या.

दोन दिवस त्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. माधवरावांनी न राहवून विचारलं, "कुणाचं काही बरंवाईट झालं का?"

"होणार आहे," बाई म्हणाल्या, "माझ्याच हातून."

शनिवारी सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून दुकानात उभ्या राहिल्या. एकदा खाकरल्या आणि पोस्टातला तो जुना आवाज लागला. "तिसऱ्याचा पाय हलत नाही. चेंडू ऑफ स्टंपाबाहेर दिसला की पाय जागेवर आणि बॅट तेवढी पुढं, आणि झेल स्लिपमध्ये. एकदा झालं तर दुर्दैव म्हणू. हा दर डावात तेच करतो. परदेशात केलं, मायदेशात केलं. बाहेर पोरं धावांचे ढीग रचून दार उघडायची वाट बघतायत. मी काउंटरवर बसून राहिले आणि माझ्याच्यानं काम होईना, तर मागची रांग काय माझं तोंड बघायला उभी असते? मी उठायला हवं. मी उठत नसेन तर साहेबानं उठवायला हवं. माया आहे म्हणून कुणी काउंटर अडवत नाही."

"हरकत!" रणजितराव एकदम उभेच राहिले. "बाई, हे फार एकांगी होतंय. खेळपट्ट्या कशा होत्या? हवा ढगाळ होती का नव्हती? आणि दोन वेळा पंचांनी ढापलाय त्याला, ते तुम्ही सोयीनं विसरलात."

"ते मी तुम्हाला सांगत होते वर्षभर! तेव्हा तुम्ही नोंद घेत होतात."

"तेव्हा आरोपीला तुमच्यासारखा वकील होता. आता त्याला कुणीच नाही!"

हमीदभाई हसून हसून खाली बसले. आयुष्यभर आरोपींची बाजू लढवलेल्या माणसापुढे कुणी एकट्या जिवाला झोडपायला लागलं की त्याच्याच्यानं गप्प बसवत नसे, मग तो आरोपी त्यानं स्वतः वर्षभर कोर्टात खेचलेला का असेना. परीक्षेत बाई पास झाल्याच. पण आता मत द्यायचं होतं, आणि सगळं उलटंपालटं होऊन बसलं होतं.

"माझं मत, आत," रणजितराव म्हणाले.

"ताई, तुम्ही मला पटवलंत," हमीदभाई डोळे पुसत म्हणाले. "वर्षभर मी उगाच ओढत होतो त्याला. माझं मत, बाहेर."

दोघं बाईंकडे बघायला लागले. बाईंना वाटलं, 'आत' म्हणावं आणि मोकळं व्हावं, परीक्षा तर झालीच आहे. पण जे बोलल्या होत्या ते त्यांना स्वतःलाच पटलं होतं, आणि पटलेलं गिळून टाकायची त्यांना सवय नव्हती.

"बाहेर," त्या म्हणाल्या, आणि चष्म्याआड त्यांचे डोळे भरून आले. हमीदभाईंनी तिसरी खुर्ची फडक्यानं पुसून पुढं केली. तिच्या हातांवर कोपर टेकून बसायला किती बरं वाटतं, हे रडतारडताही त्यांच्या ध्यानात आलं. काचेवर संघ लागला. त्यात तिसरा नव्हता.

खऱ्या निवड समितीनं मात्र तिसऱ्याला ठेवलं. बातमी आल्यावर रणजितराव म्हणाले, "आपला अहवाल वरपर्यंत पोचलेला दिसत नाही. टपालखात्याचा दोष." तो पुन्हा खेळणार म्हणून सुहासिनीबाईंना सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्यानं शतक केलं तर खुर्ची जाणार म्हणून धास्तीही होती.

सामन्याच्या दिवशी त्या टीव्ही लागायच्या आधी येऊन आपल्या खुर्चीत बसल्या. ठरवून आल्या होत्या, आज न्यायाधीशासारखं बसायचं. आपली फलंदाजी होती. थोरला लवकर गेला आणि तिसरा आला. वाकला, खडी वेचली. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

पहिला चौकार गेला तेव्हा त्यांची टाळी आपोआप वाजली.

"बाई, आपण विरोधात आहोत," रणजितराव म्हणाले.

"डास होता."

त्या दिवशी दुकानात फार डास झाले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिसरा टिकला. माधवरावांनी डब्यात दिलेली पोळीभाजी बाईंनी उघडलीसुद्धा नाही. दुपारी एक आजोबा डोळे तपासायला आले. हमीदभाईंनी त्यांना धावफलक वाचायला लावला, तर ते म्हणाले, "ऐंशीच्या पुढं गेलाय बघा तुमचा गडी," आणि नजर तपासायची राहिली बाजूला, तेही बाकावर बसून राहिले.

चहापानानंतर तो नव्वदीत गेला. मग एक चेंडू आत वळला आणि पायावर आदळला. अख्खा प्रतिस्पर्धी संघ ओरडला. पंचांनी नाही म्हटलं, तशी त्या संघानं तिसऱ्या पंचांकडे दाद मागितली. पडद्यावर चेंडूची रेघ हळूहळू स्टंपांकडे सरकायला लागली. हमीदभाईंनी चष्म्याची रिकामी फ्रेम तोंडावर धरली, जणू तिच्यातून कमी दिसणार होतं. बाद झाला तर शतक नाही, खुर्ची कायमची. बाईंना हे सगळं कळत होतं. आणि त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "जाऊ दे रे देवा खुर्ची, पण याला राहू दे!"

रेघ स्टंपांना चुकवून गेली.

पुढच्या षटकात ऑफ स्टंपाबाहेर चेंडू पडला, वर्षभर त्याला खाणारा, अगदी तोच. तिसऱ्यानं डावा पाय पुढं टाकला, चेंडूच्या पार शेजारी, आणि कव्हरमधून असा फटका मारला की क्षेत्ररक्षक नुसता वळून बघत राहिला.

"हलला! अहो, पाय हलला!" सुहासिनीबाई खुर्चीतून उठल्या, दाराशी गेल्या आणि गल्लीतल्या समस्त लोकांना सांगायला लागल्या, "मी चुकले हो! साफ चुकले! मी काढला होता त्याला!" समोरचा फुलवाला घाबरून बाहेर आला. आत पडद्यावर तिसरा हेल्मेट काढून आभाळाकडे बघत होता, आणि बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

आत आल्यावर त्या बाकावर जाऊन बसल्या.

"बसा हो खुर्चीत," रणजितराव म्हणाले. त्यांचाही आवाज जरा ओला होता, पण त्यांनी तो लगेच पुसून घेतला. "समितीत चुकणारं माणूस एक तरी हवं. मला ते जमत नाही, हमीदभाईंना चष्म्याच्या दुकानामुळे परवडत नाही."

"रिवाज म्हणजे रिवाज," बाई म्हणाल्या. "पुढच्या मालिकेला पुन्हा परीक्षा देईन. आत्ता कोणी बोलू नका माझ्याशी, तो खेळतोय."

दिवसाचा खेळ संपल्यावर त्यांनी घरी फोन लावला. "अहो, त्यानं शतक केलं!"

पलीकडे माधवरावांनी मनात हिशेब जुळवला. मग त्यांनी जपून विचारलं, "म्हणजे तुझी खुर्ची गेली?"

"गेली हो, गेली!" बाई इतक्या आनंदानं म्हणाल्या की हमीदभाई आणि रणजितराव दोघंही वळून बघायला लागले.

"मग शिरा करू का?"

"करा. आणि केळं घाला त्यात, मी येताना मंडईतून आणते."