फोडायची राहिलेली सुपारी

माझा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पण साताऱ्याच्या स्टँडवर लोक त्याला बसायला जागा देतात आणि मला त्याची पिशवी धरायला सांगतात. विशीतच त्याचं डोकं पांढरं झालं, तिशीत दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आणि घोट्यावरची जखम काही केल्या भरेना. शेवटी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. पेशीतला डीएनए रोजच कुठं ना कुठं तुटतो आणि तो सांधणारे कारागीर आतच असतात. भावाकडं त्यातला एक जन्मापासूनच कामावर नाही. म्हणून शरीराला म्हातारं व्हायची घाई.

मग बाईंनी आमचा वंशवृक्ष काढायला घेतला. आईवडील आतेमामे भावंडं, आजीआजोबाही तसेच. झाड कुठलं, कांद्याच्या पोत्याची जाळीच झाली.

"दोष आईबाप दोघांकडून आला, तरच हा आजार होतो," बाई म्हणाल्या. "एकाकडून आला तर कळतही नाही. तुमच्यातही असेल. पुढं नात्यात लग्न करणार असाल, तर आधी दोघांचं रक्त तपासा."

मी मान डोलावली. माझ्या मुलीचं लग्न बहिणीच्या मुलाशी ठरलंय, हे काही तोंडातून निघालं नाही. भाऊ शेजारीच बसला होता.

नंतर मी रोज बहिणीला फोन लावायचो, हवापाणी विचारायचो आणि ठेवायचो. बायको म्हणाली, "गावात भाषणं ठोकता, अन् बहिणीम्होरं दातखीळ बसती व्हय?"

असं करता करता सुपारी फोडायचा दिवस उजाडला. बहिणीचे चुलत सासरे माणहून पहिल्यांदाच आलेले. त्यांनी बैठकीवर नजर फिरवली आणि बत्ता थेट भावापुढं धरला.

"आवं, थोरलं तुमी. तुमीच फोडा."

"मामंजी, त्यो धाकला हाय!" बहीण हसत म्हणाली.

भावानं सुपारी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "थोरलं म्हणालासा, तर ऐका," तो त्याच्या चिरक्या आवाजात म्हणाला. "माजं दुखणं ह्यांच्या लेकरांत नको. दोघांचं रक्त तपासू. मग फोडू."

बहिणीनं त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "दादा, तुला ठावं हुतं?"

मी पुढं होऊन सासऱ्यांच्या हातातला बत्ता घेतला आणि बाजूला ठेवला.

दोघांनी रक्त दिलंय. रिपोर्ट अजून नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं कळत नाही. मुलगी माझ्याशी बोलत नाही. रोज सकाळी काकाला तेवढं विचारते, "सुपारी हाय न्हवं?"

तो खिसा चाचपून दाखवतो.