दारातली सुटकेस

व्हर्लिन टॉलेफसनला कशाचंच काही वाटेनासं झालंय, हे गावाला बरेच दिवस कळलंच नाही. कळणार कसं? मिनेसोटातलं हे नॉर्वेवाल्यांचं गाव. ज्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही, तो इथला सभ्य गृहस्थ. कोठाराला आग लागली तरी इथले पुरुष म्हणणार, "आज जरा ऊब आहे, नाही?"

हाताला कंप सुटला तेव्हाच डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हणून सांगितलं होतं. गोळ्या चालू होत्या. बाकी व्हर्लिनची कीर्ती वाढतच होती. गोठलेल्या तळ्यावरच्या खोपटात, बर्फाच्या भोकात गळ सोडून तो अख्खा हिवाळा बसला. गळाला आमिषच नव्हतं, हे बर्फ वितळताना उघड झालं. "काय संयम आहे गड्याचा!" म्हणत शेजारच्या मर्लनं टोपी काढली. चर्चच्या समितीनं तर त्याला अध्यक्षच केलं. तो कशालाच हरकत घेत नसे, त्यामुळे कॉफी गार व्हायच्या आत सभा संपे.

खंगत होती ती बायको, आर्डिस. नाचताना जिच्या पायांवर पाय देऊन व्हर्लिन लाजायचा, तीच ही. आता तिनं केस कापले काय, पाय मुरगळून घेतला काय, त्याचं उत्तर एकच, "बरं."

शेवटी एकदा जेवताना ती म्हणाली, "मी बहिणीकडे डुलुथला चाललेय. कायमची."

"बरं," व्हर्लिन म्हणाला आणि त्यानं बटाटा सोलला.

तिनं सुटकेस भरून दारात ठेवली. 'हे काय?' एवढं तरी तो विचारेल, म्हणून ती थांबली. व्हर्लिन येताजाता सुटकेस ओलांडू लागला. आठवड्याभरात त्याला ओलांडायची इतकी सवय झाली, की दुसऱ्या दारात काही नसलं तरी तो पाय उचले.

"नशीबवान आहेस बाई," मर्ल म्हणाला. "तुझा नवरा बायकोला अडवत नाही. मी अशी सुटकेस ओलांडली असती, तर आमच्या हिनं मलाच तिच्यात कोंबलं असतं."

हाताचा कंप दाखवायला ती दोघं शहरात गेली, तेव्हा आर्डिसनं सगळं बोलून टाकलं.

"हा आळस नाही, उदासीही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजारच आहे. स्वतःहून सुरुवात करायची मेंदूची ताकद गेलीय."

"डॉक्टर, आमच्या गावात हे सगळ्याच पुरुषांना आहे."

"ते सगळे चिडून का होईना, उठतात. हे उठत नाहीत. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून तुम्ही गाडीला वीज जोडून ठेवता ना? नाहीतर इंजिन चालू होत नाही. तसं समजा. विचारू नका. सांगा."

इथेच घोडं अडलं. या गावात कुणी कुणाला सरळ सांगत नाही. 'कचरा बाहेर गेला तर बरं होईल' असं खिडकीकडे बघून म्हणायचं, ही रीत. हुकूम सोडणं म्हणजे चारचौघांत कपडे काढण्यासारखं. आर्डिसनं गॅरेजमध्ये जाऊन गाडीवर सराव केला. "ऊठ! चल!" गाडी हलली नाही. कुंपणापलीकडून मर्लनं मात्र दचकून फावडं खाली ठेवलं.

मग तिनं बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, लाटायला घेतल्या. "व्हर्लिन, ऊठ. काठी घे. उलट."

व्हर्लिन उठला. लांब चपट्या काठीनं त्यानं पोळी अशी अलगद उलटली, की आर्डिसनं लाटणं बाजूला ठेवलं.

"मी गेले असते, तर तुला काही वाटलं असतं का रे?"

व्हर्लिननं पुष्कळ विचार केला. "सुटकेस जड आहे. सांगितलं असतंस, तर गाडीत ठेवून दिली असती."

आर्डिस आधी रडली, मग पोट धरून हसली. "मग आता माळ्यावर नेऊन ठेव."

त्यानं ती उचलली आणि वर गेला. पोळ्या संपल्या, कॉफी झाली. मर्ल डोकावला. "व्हर्लिन कुठाय?"

आर्डिसनं कपाळावर हात मारला आणि जिन्यात जाऊन, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "व्हर्लिन, खाली ये!"

"बरं," वरून आवाज आला. पाठोपाठ पावलंही वाजली.