वाढत्या अंगाची मापं

शिवणवाल्या मावशींनी एकतीस वर्षं दोन शाळांचे गणवेश शिवले. एक टेकडीवरची महागडी शाळा, दुसरी कारखान्यामागची मोफत. प्रत्येक मुलाचं वय आणि माप वहीत टिपलेलं. अशा चाळीस वह्या ट्रंकेत पडून होत्या.

विद्यापीठात विषमतेवर संशोधन करणारी एक मुलगी पँट आखूड करून घ्यायला आली आणि वह्या पाहून मटकन खालीच बसली.

"मावशी, ही तर खाण आहे! खाण्यापिण्याची आबाळ झाली की मुलांची उंची खुंटते. कमाईबद्दल माणसं थापा मारतील, पाय कसे मारतील?"

"ने की. उंदरांनी खाण्यापेक्षा तुझ्या कामी येऊ देत."

दोन महिन्यांनी ती पडेल चेहऱ्यानं परत आली. दोन्ही शाळांतली मापं सारखीच निघाली होती. तिचे सर म्हणत होते, विषय बदला.

मावशींच्या दातांतली टाचणी गळून पडली. "काहीतरीच काय! गुडघे टेकून मोजलीत मी ती पोरं. कुठला आकडा घेतलास, दाखव बघू."

मुलीनं शाईचे आकडे दाखवले.

"अगं वेडाबाई, हे कापडाचं माप! अंगाचं माप बाजूला पेन्सिलीनं आहे बघ, पुसट. मोफत शाळेतल्या आया म्हणायच्या, वाढत्या अंगाचं शिवा, तीन वर्षं गेलं पाहिजे. मग मी दीड ते अडीच इंच कापड आत दुमडून ठेवायची. टेकडीवाल्यांना काय, दरवर्षी नवा गणवेश!"

मुलगी ताडकन उठली. मावशींनी गिऱ्हाइकांना पिटाळलं, भिंग घेतलं आणि आकडे वाचायला लागल्या. मुलगी टाइप करत गेली. चौथ्या दिवशी ती ओरडलीच, "मावशी, आलं! सातव्या वर्षी दीड इंचाचा फरक, दहाव्या वर्षी अडीच!" आरडाओरडा ऐकून मावशींचा नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला.

विद्यापीठाच्या सभागृहात दोघींनी हे आकडे मांडले, तेव्हा एका प्राध्यापकांनी शंका काढली, "शिलाईच्या वहीवर भरवसा कसा ठेवायचा?"

मावशी उठल्या. "साहेब, इथून सांगते, तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. या, मोजू."

मोजला. अर्धा इंच! सगळ्यात मोठ्यानं हसले ते प्राध्यापकच.

निबंध छापून आला तो दोघींच्या नावानं. मावशींच्या नवऱ्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण पहिलं पान त्यानं चारदा मोठ्यानं वाचलं.