वाळीत टाकलेला सॅक्सोफोन

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षीच्या नारळी पौर्णिमेला, भर दुपारी, धाकू नाखव्याला त्याच्याच कोळीवाड्याने वाळीत टाकलं. गुन्हा? सॅक्सोफोन वाजवला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. थळपासून मुरुडपर्यंत कुठलंही घाला, शोभेल.

धाकूदादा मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचा. पुढे दारूबंदीने हॉटेलं ओस पडली, पण त्याला त्याआधीच हाकललं होतं. हा मधेच चाल सोडून भलतीकडे निघायचा आणि नाचणारे साहेब अडखळायचे. गावी आला आणि सुकत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत बसून वाजवू लागला. होडी ओढतानाची आरोळी, दोर सुटल्यावरची शांतता, मग एकदम बगळे उठावेत तसे सूर.

मी अलिबागहून महाराष्ट्र राज्यासाठीच्या चळवळीची पत्रकं वाटायला जायचो, तेव्हा ओळख झाली. म्हटलं, "दादा, याला ताल कुठाय?"

"लाटेला हाय का ताल? म्हून ती किनारा चुकते काय रं?" मग माझ्या पत्रकाकडे बघून डोळा मारला. "तुजा कागद बी त्या हॉटेलवाल्यावानी. पयल्यापासून शेवटपावतर एकच ठेका!"

राज्य झालं त्या साली पावसाआधी एक होडी परतली नाही. ती हाकणाऱ्या तांडेलाची बायको चांगुणा. सोन्याच्या नारळाची मिरवणूक निघाली की विधवेने दार लावून आत बसायचं, ही तिथली रीत. पुढे बँड सिनेमाची चाल वाजवत होता, त्यात धाकूदादा. चांगुणाच्या दारापुढे त्याने चाल मोडली आणि काढला तो तिचाच हंबरडा, किनाऱ्यावर सगळ्या गावाने ऐकलेला. मिरवणूक जागीच थिजली. दार उघडलं. चांगुणा कोऱ्या कपाळाने बाहेर आली आणि नारळामागे चालू लागली.

पाटील गरजला, "ए धाक्या, सनाच्या दिशी मढं वाजवतंस?"

"मढी गावली कुठं, पाटील? त्यांनाच बोलवतंय."

नारळ समुद्राला दिला आणि लगेच पंच बसले. धाकूशी कोणी बोलायचं नाही, त्याला विस्तव द्यायचा नाही. पुढे मासळी कमी लागली, तर म्हणे याच्या भोंग्याने समुद्र कोपला! समुद्राला सूर कळतो, आणि तुम्हाला शेजारणीचं रडणं कळत नाही?

एकटी चांगुणा रोज उघडपणे त्याच्या दारी मासळी ठेवी. मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" म्हणाली, "मना कोन टाकनार वाळीत? मी तवाच टाकलेली हाय."

काही वर्षांनी ऐन पावसात त्याला ताप भरला. अलिबागच्या डॉक्टरकडे न्यायला एकानेही बैलगाडी दिली नाही. तो मेला. खांदा द्यायला आम्ही चौघे परगावचे. दोन्ही बाजूंनी दारं बंद, बघायला आलेली पोरं मागे ओढलेली. विस्तवाचं मडकं चांगुणाने धरलं. पाटलाने निरोप धाडला, भोंगा समुद्रात टाका. तिने तो आपल्या घरातल्या खुंटीला टांगला. अजून आहे.

आणि हाच पाटील परवा अलिबागला व्यासपीठावर कोळ्यांच्या कलेचे गोडवे गात होता. हार घालून.

तुम्ही हळहळू नका, त्याने कोणाचंही भलं होत नाही. तुमच्या गावात कोणाशी बोलायला बंदी आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. हा कागद खाली ठेवा. भर दुपारी, चारचौघांदेखत त्याच्या घरी जा. पाणी मागा, आणि तिथेच प्या.