कॉलरचा माइक

उमाजीसारखा गोड माणूस शोधून सापडायचा नाही, असं सगळी वाडी म्हणायची. शांताच्या कानावर हे पडलं की तिला हसू यायचं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. ती त्याची बायको होती.

जोयड्याहून अणशीकडे जाताना डांबरी सोडून आत वळलं की त्यांची वाडी लागे. उमाजी जंगलखात्याच्या कामावर मुकादम. कुणाच्या पडवीत बसला तर पाण्यासारख्या ताकाचीही तारीफ करायचा, कुणाचं पोर काळंबेंद्रं असलं तरी त्याला राजबिंडं म्हणायचा. मात्र घरचा उंबरा ओलांडला की याच तोंडातून गटार वाहायला लागे. ज्याचं ताक प्यायला त्याच्या म्हशीपासून सुरुवात, मग त्याची सून, मग त्याचा बाप. मोठ्यानं नाही, घशातल्या घशात, पुटपुटल्यासारखं. लग्न होऊन आल्यापासून शांता हे ऐकत होती. एकदा तिनं शेजारच्या फुलाला सांगून पाहिलं. फुला म्हणाली, "असल्या नवऱ्याला नावं ठेवतीस, शांताक्का? जीभ झडंल तुझी." त्या दिवसापासून शांतानं सांगणं सोडलं. नवरा तिच्या मनातून उतरलेला होताच, आता वाडीही उतरली.

शांताचा भाऊ लाडू मडगावला हॉटेलात कामाला होता. एका वर्षी तुळशीच्या लग्नाला तो आला, तेव्हा पट्ट्याला अडकवायचा वॉकमन घेऊन आला. कानात घालून गाणी ऐकायची, आणि वायरीचा छोटा माइक जोडला की बाहेरचा आवाज कॅसेटमध्ये भरून घ्यायचा. चारचौघांना ऐकवायला दोन इवलेसे स्पीकरही होते. उमाजीनं ते यंत्र मेव्हण्याकडून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. देवळातलं भजन मी भरणार, असं त्यानं वाडीभर सांगितलं.

लाडूनं समजावलं, की माइक भजन म्हणणाऱ्या भिकाजीबुवांच्या समोर, वाशाला टांगा. तो ज्याच्याजवळ असतो त्याचाच आवाज जास्त घेतो. पण वाशाला टांगला तर तो कुणाचा ते लोकांना कसं कळणार? माइकला मागं चिमटा होता. उमाजीनं तो आपल्या धुतलेल्या सदऱ्याच्या कॉलरला लावला, आरशात पाहिलं, आणि एखाद्या साहेबासारखा देवळात जाऊन बसला. शांताही म्हणाली होती, की लाडू सांगतोय तसं करा. "तुला काय कळतंय त्यातलं?" एवढंच तो म्हणाला.

भजन रंगलं. उमाजी पहिल्या ओळीत मान डोलावत होता, चेहऱ्यावर साखर पसरलेली. त्याचे ओठ हलताना पाहून फुला शेजारणीला म्हणाली, बघ, कसा देवाचं नाव घेतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे देवळाच्या सभामंडपात जमले. उमाजीनं स्पीकर जोडले, बटण दाबलं. आधी टाळ वाजले, लांबून, विहिरीतून आल्यासारखे. आणि मग त्यावरून एक आवाज आला, कानाशी तोंड लावून बोलल्यासारखा स्वच्छ.

"बुवाचा गळा बघा. कुंपणात रेडकू अडकलंय जनू. आनि त्यो तुकाराम, टाळ कुटतोय का खोबरं फोडतोय? फुला बघ कशी नटून आलीया. घरात सासूला पेज घालत न्हाई, हितं देवाला फुलं."

पहिल्यांदा कुणाला उमगलंच नाही. लोक इकडेतिकडे पाहू लागले. मग एकेकाची नजर उमाजीवर येऊन थांबली. तो बटण शोधत होता; घाबरून त्यानं भलतंच दाबलं आणि आवाज मोठा झाला. प्रसाद वाटणाऱ्याचा हात, गुरवाचं पोट, कुणाची पोरगी कुठं खपत नाही, कुणीच सुटलं नव्हतं. शेवटी शांताचा नंबर लागला. "आमची म्हस बघा, कशी डोळं वटारून बसलीया."

लाडूनं उठून वायर उपटली. भिकाजीबुवा तडक निघून गेले.

शांताला शरम वाटली नाही. आता तरी कळलं, एवढंच तिच्या मनात आलं. आता फुला येईल आणि म्हणेल, अक्का, तू म्हणालीस त्ये खरं होतं.

फुला आली, पण हसत आली. तुकारामाच्या टाळाबद्दल उमाजी बोलला ते तिनं तीनदा बोलून दाखवलं आणि पदरानं डोळे पुसले.

शांतानं विचारलं, "आनि तुझ्याबद्दल बोलला त्ये?"

फुलानं तोंड फिरवलं. "त्ये काय नीट ऐकू आलं न्हाई."

तुकारामालाही आपलं ऐकू आलं नव्हतं. बुवांच्या रेडकाचं मात्र त्याला पाठ झालं होतं. बुवा काही दिवस रुसले, मग फुलाची गोष्ट सांगत तेही हसू लागले. महिनाभरात उमाजी देवळाच्या कट्ट्यावर मधोमध बसायला लागला. लोक मुद्दाम विचारायचे, उमाजी, त्या अमक्याबद्दल तुझं काय मत? आणि तो आता पुटपुटत नसे, खणखणीत बोलायचा. गोड माणूस म्हणून त्याला मिळाला नव्हता एवढा मान त्याला आता मिळाला.

शांता पाण्याला जाताना त्या कट्ट्याकडे बघतही नाही. असल्या लोकांनी आपल्याला खरं म्हणावं म्हणून आपण एवढी वर्षं झुरलो, याचाच तिला राग येतो. घरी मात्र एक बदल झाला. उमाजी सगळं बाहेरच ओकून येतो आणि मुकाट जेवतो. पूर्वी त्याची टकळी चालू असताना तिचा घास उतरत नसे, म्हणून ती मागाहून जेवायची. आता दोघं एकदमच पानावर बसतात.