एकाच सर्दीची दोन औषधं

आमच्या काका-काकूंचं सगळं सामाईक. छत्री एक, मोबाइल एक, टॉवेलसुद्धा एकच. मी किती कानीकपाळी ओरडले, पण छे! सर्दीही दोघांना बरोबरच होते, मग एकाच बाटलीतून आधी काका, नंतर काकू.

काका बांधकामावर क्रेन चालवतात. उंच केबिनमध्ये बसून लोखंडी तुळया उचलायच्या आणि खाली माणसं वावरत असतात. या वेळी काकांचं नाक चोंदलं, काकूचं नळासारखं वाहू लागलं. शेजारणीने तिच्या घरातली बाटली दिली, एकदम गुणकारी म्हणाली. काकूने सकाळी काकांना चमचाभर पाजलं, मग स्वतः घेतलं.

क्रेनच्या शिडीवर पाय ठेवला आणि काकांच्या डोळ्यांवर झापड आली. तुळया भरलेला ट्रक उभा, मुकादम घाई करतोय. पण काका खाली उतरले, आज मी चढणार नाही म्हणाले. मुकादमाने खूप तोंडसुख घेतलं. काकांनी औषधाचं नावही काढलं नाही, रात्री झोप झाली नाही म्हणाले आणि घरी आले. बघतात तर काकू शिलाई मशिनवर डोकं टेकून चक्क घोरतेय.

जाग आल्यावर काकांना समोर बघून तिला सगळं उमगलं. काकांनी थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्या हाताने पाजलं हो मी," एवढंच ती म्हणत राहिली.

संध्याकाळी मला घेऊन तिने औषधांचं दुकान गाठलं. दुकानदाराने दोघांची चौकशी केली: ताप आहे का, काम काय, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत. काकूला रक्तदाबाचा त्रास, त्यामुळे चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या तिला नकोत, म्हणाला. काकांना झोप आणणारं काही नको. त्याने दोन वेगळी पाकिटं ठेवली आणि अदलाबदल करू नका म्हणून बजावलं. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच वेगळं काही घेताना काकूला जड गेलं, मला दिसत होतं. बाई वेडीच आहे आमची, पण जीव लावावा तो तिनेच.

दुकानदाराने पेन काढलं, पाकिटांवर काय लिहू म्हणून विचारलं.

"यावर लिहा, वर चढणाऱ्याचं," काकू म्हणाली. "आणि त्यावर, वाट बघणारीचं."

त्याने तसंच लिहिलं.