चिंचोक्यांच्या खेळाची दुसरी आवृत्ती

भूकंपानंतर आम्ही सव्वा वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. औशातलं आमचं भाड्याचं घर पडलं नव्हतं, पण मधल्या भिंतीला हात जाईल एवढी भेग गेली होती आणि आई त्या घरात पाय ठेवायला तयार नव्हती. वडील शाळेत शिक्षक. शाळेच्याच मैदानावर शेडच्या दोन रांगा उभ्या राहिल्या, त्यातली एक खोली आमची. मी तेव्हा आठ वर्षांची होते.

शेजारच्या शेडमध्ये एका टेलरचं कुटुंब होतं. त्यांची थोरली मुलगी सतरा-अठराची, तिला आम्ही सगळे आपा म्हणायचो. दुपारी पत्रे तापले की ती आम्हा पाच-सहा पोरींना लिंबाखाली घेऊन बसायची आणि एक खेळ खेळवायची. त्याला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. प्रत्येकीने एक माणूस व्हायचं. कुणी वैदू, कुणी शिकारी, कुणी राजाची हेर. मी गोदावरीवरची नावाडीण होते. आपा गोष्ट सांगायला लागायची आणि मध्येच थांबून विचारायची, "दरवाज्यावर पहारा हाय. आता तू काय करतीस?" आपण काय करणार ते सांगायचं. काम अवघड असेल तर पाच फोडलेले चिंचोके जमिनीवर टाकायचे. तीन पांढरे पडले की काम झालं.

आपाच्या किल्ल्यांना छत नसायचं. तिच्या गोष्टीत कुणी कधी घरात शिरलं नाही, भुयारात उतरलं नाही, आणि कुणी मेलंही नाही. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

दहा वर्षांनी मी लातूरला रिपीटर होते. वडिलांची बदली नांदेडला झाली होती, बारावी मी तिथेच केली, मेडिकलच्या सीईटीत कमी पडले, आणि मला न विचारता लातूरच्या एका क्लासमध्ये माझं नाव घातलं गेलं. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायची सोय असते हेच मला माहीत नव्हतं.

हॉस्टेल दुसऱ्या मजल्यावर. खोलीत तीन कॉट, खिडकीला जाळी, दार एकच. मी दाराजवळची कॉट मागून घेतली. क्लासमध्येही मी दारापर्यंत किती बाक आहेत ते मोजून बसायची. स्लॅबखाली बसलं की माझ्या मानेत एक कळ यायची. गेट क्लासच्या वेळेला उघडायचं आणि रविवारी दोन तास. हॉस्टेलच्या मावशी आम्हाला गावाच्या नावाने हाक मारायच्या, म्हणून मी नांदेड, आणि माझ्या खोलीतल्या दोघी भोकर आणि जळकोट.

रविवारी सकाळची टेस्ट झाली की दुपार मोकळी असायची. एकदा जळकोट रडवेली बसली होती म्हणून मी आपाचा खेळ काढला. सांगणारी मी. तिला आवडला. भोकरलाही आवडला, पण तासाभरात ती वैतागली.

"पहाऱ्याला तीन पांढरे लागतात आणि नदी पोहून जायलाही तीनच? असं कसं? आणि तू मनाला येईल तेव्हा टाकायला सांगून राहिलीस."

भोकरचं गणित फार चांगलं होतं. तिने पुढचे आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत चिंचोके टाकटाकून बघितलं, पांढरी बाजू कमी पडते हे काढलं, आणि दोनशे पानी वहीत खेळाचे नियम लिहिले. प्रत्येक माणसाला ताकद, अक्कल, धीर यांचे आकडे. कामाच्या अवघडपणाप्रमाणे किती पांढरे हवेत त्याचा तक्ता. जखम, तहान, मरण. वहीच्या पहिल्या पानावर तिने लिहिलं, दुसरी आवृत्ती. सांगणारी आता ती झाली.

पहिले काही रविवार खरंच मजा आली. आपण कशासाठी धडपडतोय ते आधी कळायचं, वाद व्हायचे नाहीत. पण हळूहळू आम्ही बोलायचं सोडून वहीत बघायला लागलो. जळकोट तिच्या शिकाऱ्याचे गुण रोज टेस्टच्या गुणांसारखे मांडायला लागली. लिंबाखाली आम्ही नदीचा वास कसा आहे यावर अर्धी दुपार घालवत असू. आता नदी म्हणजे चार पांढरे. मी भोकरला तसं म्हटलंही. ती म्हणाली, वासाचा नियम तू लिही, मी घालते.

मग तिने आम्हाला भुयारात उतरवलं, आणि माझ्या नावाडणीच्या मागे दरड कोसळली. बाकीच्या दोघी पलीकडे निसटल्या. बाहेर पडायला पाचही पांढरे हवेत, एका रविवारी एकदाच टाकायचं. मी टाकले, दोन पडले. पुढच्या रविवारी तीन. तिसऱ्या रविवारी एक. दर वेळी भोकर शांतपणे वहीत लिहायची, अडकलेली. मला माहीत होतं की हा खेळ आहे. तरी क्लासमध्ये भौतिकशास्त्राच्या तासाला मला श्वास पुरत नव्हता आणि मी दोनदा उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. सरांना वाटलं, तब्येत बरी नाही.

दिवाळीत नांदेडला गेले तेव्हा मी आपाला शोधून काढलं. लग्न होऊन ती तिथेच आली होती आणि घरात मशीनवर जरीकाम करत होती. तिने मला लगेच ओळखलं, चहा केला, आईची खुशाली विचारली. मी तिला वही, तक्ते, दरड, सगळं सांगितलं आणि विचारलं, तिच्या वेळी असं कुणी अडकलं तर ती काय करायची.

ती हसली. "चिंचोके मी बघतच नव्हते, बेटा. तुमची तोंडं बघत होते. कुणाचं तोंड उतरलं की तीन पांढरे."

मला चटका बसला. माझ्या नावाडणीने जिंकलेल्या नद्या, टाळलेले पहारे, सगळं मला दिलेलं होतं. आम्ही गर्दी करून चिंचोक्यांवर वाकायचो आणि ती भराभर गोळा करून आकडा सांगायची, ते आठवलं. तिच्यावर रागावणं शक्य नव्हतं. त्या वर्षी मैदानावरच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी गेलेल्याची गोष्ट होती.

परत आल्यावर मी भोकरला हे सांगितलं, वाटलं होतं ती विरघळेल. ती बराच वेळ वही चाळत बसली.

"मग तो खेळच नव्हता," ती म्हणाली. "माझं तोंड बघून मला कुणी पास करणार न्हाई. घरातून शिकायला निघालेली मी पहिलीच हाय. मला लिहिलेलंच लागतं."

तिचं खरं होतं आणि आपाचंही. तीन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो. चौथ्या दिवशी जेवताना तिनेच विषय काढला. चिंचोके खोटे वाचायचे नाहीत, हे तिचं पक्कं होतं. पण हरल्यावर रस्ताच बंद होतो हा नियम चुकला, हे तिने मान्य केलं. तिने नवा नियम लिहिला: पांढरे कमी पडले तरी वाट मिळेल, पण काहीतरी मागे टाकून. काय टाकायचं ते सांगणारी ठरवेल, समोरचीकडे बघून.

त्या रविवारी मी टाकले. दोन पांढरे. भोकरने पहिल्यांदा वहीतून मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ती बाहेर पडंल," ती म्हणाली. "पण पुन्हा होडी चालवणार न्हाई. हाय कबूल?"

जळकोट म्हणाली, हे काही बरोबर नाही, दुसरं काहीतरी घे. मी चिंचोके एकेक करून गोळा केले. नावाडीण सोडून मी त्या खेळात दुसरं काही झालेच नव्हते. मग कबूल म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं नाही. पण त्या आठवड्यात मला जिन्यात जाऊन उभं राहावं लागलं नाही.

भुयारातून मी काही रविवारांत निघाले, लातूरमधून निघायला आणखी एक वर्ष लागलं. भोकरला मेडिकल मिळालं, मला चार गुण कमी पडले. वडील हॉस्टेलवर आले तेव्हा पुढच्या वर्षाचं नाव घालूनच आले होते. पुन्हा तीच खोली, तीच कॉट, नव्या दोन मुली. त्या वर्षी मी खेळ काढला नाही. जानेवारीत मी वडिलांना फोनवर सांगितलं की परीक्षा देईन, पण निकाल काहीही लागला तरी यानंतर मराठी घेऊन बीए करणार. मग त्यांनी विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं आणि त्यांनी फोन ठेवला. जूनमध्ये ते स्वतः येऊन माझी ट्रंक घेऊन गेले. नांदेड येईपर्यंत एसटीत त्यांनी खिडकीकडची जागा मला दिली होती.